राणीच्या मागाचा आवाज

सिनेमा चांगला की वाईट हे आमच्या गल्लीत एकच माणूस ठरवायचा, आणि तो माणूस माझा सासरा होता. आज हे मी तोऱ्यात सांगते. सत्तरच्या आगेमागे लग्न होऊन उमरेडहून नागपूरला आले, तेव्हा मात्र मला त्याचं हसू यायचं. विणकर माणूस, माग, घर आणि टॉकीज सोडून कुठे जात नाही, आणि त्याच्या एका शब्दासाठी चाळीस घरं तिकिटं काढायची थांबतात, हे काही माझ्या डोक्यात शिरत नव्हतं.

गोळीबार चौकाच्या मागे आमची विणकरांची गल्ली होती. दर रविवारी सकाळी गल्लीतली माणसं आठवड्याची लुगडी घेऊन आमच्या ओट्यावर यायची. सोसायटीच्या दुकानात माल जाण्याआधी सासरे तो तपासायचे. त्याला पारख म्हणत. लुगडं मांडीवर उलगडायचं, उजव्या हाताचा अंगठा काठावरून, मग पोटातून, मग पदरावरून फिरवायचा. कुठे धागा तुटलेला असेल, विणीचा ठोका सैल पडला असेल, तर तिथे अंगठा थांबायचा आणि ते नुसतं म्हणायचे, "परत." सगळं नीट असेल तर दुसरा एकच शब्द: "उतरलं." म्हणजे मागावरून जसं उतरायला हवं तसं उतरलं. याहून मोठी शाबासकी त्यांच्याकडे नव्हती. माझ्या नवऱ्याला ती पहिल्यांदा मिळाली तेव्हा तो दिवसभर शीळ घालत हिंडत होता.

सिनेमाचाही निवाडा याच ओट्यावर व्हायचा, आणि याच भाषेत. ताना म्हणजे मागावरचे उभे धागे, बाना म्हणजे आडवे. "ताना मजबूत आहे, बाना पातळ" असं ते म्हणाले की गल्लीने समजायचं, गोष्ट बरी आहे पण मधली भरताड बेकार. त्या काळी एका घराला महिन्याकाठी एखादाच सिनेमा परवडायचा. तो वाया जाऊ नये म्हणून आधी त्यांना पाठवायचे. त्यांना मामाजी म्हणायची मी, आमच्याकडे सासऱ्याला तसंच म्हणतात.

माझं लग्न झालं त्याच वर्षी तो परीकथेचा हिंदी सिनेमा लागला होता. सात दारांचा किल्ला, उडणारा डोंगर, दगड होऊन बसलेला भाऊ, आणि त्याला सोडवायला निघालेली राजकन्या. मामाजींनी "उतरलं" म्हटलं आणि गल्ली लोटली. काही घरं दोनदा गेली. फक्त शेवट कोणालाच आवडला नाही, कारण राजकन्या सातव्या दारापाशी पोचली आणि पडद्यावर पुढचा भाग येणार असल्याची पाटी आली. मामाजी म्हणाले, "अर्धं लुगडं मागावर ठेवून कारागीर जेवाले गेला." आणि तीन वर्षं तो कारागीर जेवतच राहिला.

या तीन वर्षांत मी त्या घरात रुळले. धोट्यात बसवायच्या सुताच्या कांड्या भरणं माझ्याकडे होतं. नवा ताना जुन्याला जोडायचा तर बोटांना राख लावून एकेक धागा पिळायचा, ती सांधणीही माझ्याकडे आली, कारण त्यात माझा हात सासूबाईंपेक्षा जलद होता. उमरेडचं पाणी आहे ते. "उमरेडवाले जाडंभरडं विणतात" असं सासूबाई सुरुवातीला म्हणायच्या, नंतर म्हणेनाशा झाल्या. कांड्यांची एक टोपली मामाजींच्या मागाजवळ असे. काळ्या डावीकडे, निळ्या उजवीकडे, लाल मधे. एकदा मी घाईत त्या मिसळून ठेवल्या तर एरवी मान वर न करणारा तो माणूस माझ्यावर असा ओरडला की मी चुलीपाशी जाऊन रडले. म्हातारपणाचा हेका म्हणून सोडून दिलं. खरं तर ते मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मग एकदाचा दुसरा भाग आला. या वेळी कोणी निवाड्याची वाट पाहिली नाही. रविवारच्या दुपारच्या खेळाला सगळी गल्लीच गेली, पुरुष पुढच्या रांगेत, आम्ही बाया त्यांच्या मागे. राजकन्या आता राणी झाली होती. राक्षसाचं सैन्य चालून येतं आणि राणीला कळतं की सूर्य झाकेल असं वस्त्र तिनं स्वतः विणलं तरच तिची माणसं वाचतील. मग ती मागावर बसते.  विणकरांच्या चाळीस घरांसमोर राणी मागावर बसली होती. चंदनाचा माग, सोन्याचे खिळे, मोरपंखी रंगाचं तिचं लुगडं आणि डोळ्यांतून घळघळ पाणी. वस्त्र वाढत गेलं, खिडकीतून बाहेर गेलं, आभाळभर झालं. सासूबाईंनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. टाळ्या वाजल्या, आणि मीही वाजवल्या. आमचं काम एवढं मोठं करून कोणी दाखवलं नव्हतं. तेवढ्यात माझी नजर पुढच्या रांगेकडे गेली. मामाजी पडद्याकडे पाहत नव्हते. मान खाली घालून एक कान पुढे करून बसले होते.

संध्याकाळी ओटा भरला. सगळ्यांना "उतरलं" ऐकायचं होतं, तो शब्द तर प्रत्येकाच्या तोंडात तयारच होता. मामाजींनी पान लावलं, खाल्लं, आणि सांगितलं की सिनेमा धुरकट आहे, रंगात जीव नाही, राणीचं लुगडं मळकट आहे.  मग ते म्हणाले, "अन् राणी हातमागावर नोहती बसली. इजेच्या मागावर बसली होती."

इजेचा म्हणजे विजेवर चालणारा. आधी कोणाला काही कळेना. मग हसू फुटलं. पोटभर हसले सगळे. चंदनाचा माग, सोन्याचे खिळे, राणीच्या हातातली दोरी, सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. समोरच्या घरातले काका, ज्यांचं आणि मामाजींचं लहानपणापासून कापडावरून भांडण चालायचं, त्यांनी हसता हसता मध्येच हसू थांबवलं. ते उठले, आमच्याच टोपलीतून दोन कांड्या काढल्या आणि मामाजींच्या समोर धरल्या. ऊन अजून ओट्यावर होतं. "हाताच्या कांकणाले आरसा कायले," ते म्हणाले. "सांग गा, कोणती काळी, कोणती निळी."

मामाजी पाहत राहिले. मी दाराआड उभी होते. मला दोन्ही कांड्या स्पष्ट दिसत होत्या, एक काजळासारखी, एक निळीशार. लहान मूलही चुकलं नसतं.

"दोनी काळ्याच आहेत," मामाजी म्हणाले.

 काकांनी कांड्या टोपलीत परत टाकल्या, आणि त्या कुठल्या बाजूला ठेवल्या हे मी आत उभी राहूनही पाहिलं. चुकीच्या.

दवाखान्यात दाखवलं, तर मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत पिकला होता, आणि किती वर्षांचा कोण जाणे. तेव्हा माझ्या लक्षात आलं ते टोपलीचं रहस्य. हा माणूस रंग पाहून विणत नव्हता, जागा लक्षात ठेवून विणत होता. आणि इतक्या दिवसांत एकाही लुगड्याचा काठ चुकला नव्हता. मला रडू आलं, आणि खरं सांगायचं तर त्यात दुःखापेक्षा अभिमान जास्त होता. गल्लीला तसं वाटलं नाही. दुसऱ्या रविवारी चार वडीलधारे येऊन बसले. फार गोड बोलले. डोळ्यांना आराम हवा, म्हणून पारख आता समोरचे काका करतील, ऑपरेशन झाल्यावर पाहू, असं त्यांनी सांगितलं. "पाहू" म्हणजे काय हे लहान पोरालाही कळतं. ज्याला सिनेमा दिसला नाही त्याला लुगडं काय दिसणार, आणि ज्याचा एक निवाडा खोटा निघाला त्याचे मागचे सगळे निवाडे कशावरून खरे, अशी कुजबुज नळावर माझ्या कानांवर यायला लागली. नळावर मी दोनदा भांडले. एकीची घागर आपटली. सासूबाईंनी रागावल्यासारखं केलं आणि रात्री जेवताना माझ्या पानात तुपाची धार जरा जास्त सोडली.

मामाजी स्वतः एकच वाक्य बोलले. मी पाणी द्यायला गेले तेव्हा अंगठा वर करून म्हणाले, "हा तं आंधळा नाई झाला नं वं?"

सरकारी दवाखान्यात ऑपरेशन झालं. तेव्हा आजच्यासारखं सकाळी जा, दुपारी या असं नव्हतं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून उताणं निजवून ठेवायचे, मान हलवायची नाही, खोकायचंही जपून. घरी आणलं तेव्हा डोळ्यांवर हिरवी पट्टी होती आणि चष्मा मिळायला दीड महिना होता. माग बंद. ते मधल्या खोलीत बाजेवर पडून राहायचे आणि गल्लीतले माग ऐकायचे. मी शेजारी बसून कांड्या भरायची. एक दिवस ते आपणहून बोलायला लागले. हा तिसऱ्या घराचा माग, त्याची पायाखालची पावडी किरकिरते. हा नवा पोरगा, दोरी ओढायची घाई करतो. हा समोरचा, आज रागात आहे, ठोका जोरात मारून राहिला. मी उठून खिडकीतून पाहिलं. समोरच्या काकांचं तोंड खरंच तांबडं झालं होतं. घरात काही बिनसलं होतं ते नंतर कळलं.

मला चाळाच लागला. मी डोळे मिटून ओळखायची, ते बरोबर की चूक सांगायचे. पहिले आठ दिवस मी सगळं चुकले. मग हळूहळू ऐकू यायला लागलं. पाय दाबला की पावडीची किरकिर, मग आडव्या पळणाऱ्या धोट्याची सर्रर्र, मग फणीचा ठोका. आणि मधे जागा. कांडी संपली, धागा तुटला, नाकावर माशी बसली, की माणूस थांबतो आणि माग थांबतो. एकाही माणसाचा माग सारखा चालत नाही.

तेव्हा मी हिय्या करून विचारलं, सिनेमातला माग कसा वाजत होता. ते म्हणाले, "मी नाई सांगत. तू चक्कीवर जातं नं? शेडीपाशी उभी राय अन् आयक."

पिठाच्या चक्कीच्या वाटेवर विजेच्या मागांची एक शेड नवीनच झाली होती. रोज तिथून जायची, पण त्या खडखडाटाचा राग होता म्हणून पाय उचलत जायची. त्या दिवशी डोक्यावर ज्वारीचा डबा घेऊन भिंतीपाशी उभी राहिले आणि डोळे मिटले. खटखटखटखट. पाय नाही, दोरी नाही, मधली जागा नाही. आणि एकदम माझ्या मिटल्या डोळ्यांपुढे चंदनाचा माग आला, सोन्याचे खिळे आले, राणी आली. तोच आवाज. कोणा मुंबईवाल्याने मागाचा आवाज हवा म्हणून गिरणीत नाहीतर अशाच शेडमध्ये यंत्र लावून भरून आणला होता आणि राणीच्या हाताखाली ठेवून दिला होता. आम्ही चाळीस घरांनी रंग पाहिले, सोनं पाहिलं, रडलो, टाळ्या वाजवल्या. ज्याला काही दिसत नव्हतं त्याला तेवढं ऐकू आलं.

मी पीठ न दळताच घरी पळाले. मामाजींना म्हटलं, तुमचं बरोबर आहे, आत्ता सगळ्यांना सांगते. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"आंधळ्याचं कोण आयकते वं? आधी डोळे परत येऊ दे. मंग कानाचं सांगू."

पुढचे दिवस माझ्या पोटात ते मावत नव्हतं. नळावर बायका बोलायच्या आणि मी ओठ दाबून घागर भरायची. माझ्यासारखीला ही मोठीच शिक्षा होती.

जाड भिंगांचा चष्मा आला. पहिल्या दिवशी मामाजींनी टोपली मांडीवर घेतली, कांड्या मुद्दाम मिसळल्या आणि पुन्हा रंगवार लावल्या. असं तीन वेळा केलं. निळी कांडी हातात धरून बराच वेळ पाहत होते. मग सासूबाईंकडे पाहून म्हणाले की तू म्हातारी झालीस, आणि सासूबाईंनी "तुमीच पाह्यलं नाई इतके दिवस" असं सुनावलं. मागही सुरू झाला. पारख मात्र समोरच्या घरीच राहिली. कोणी परत बोलावलं नाही आणि मामाजी मागायला जाणारे नव्हते.

तेवढ्यात तो सिनेमा दुसऱ्या एका टॉकीजमध्ये मॅटिनीला परत लागला. मामाजींनी माझ्या नवऱ्याला घरोघर पाठवून निरोप दिला: माझा निवाडा चुकला असेल तर मी सगळ्यांसमोर परत घेतो, पण माझ्यासंगं येऊन पहा. निरोपाला कोण नाही म्हणणार? आणि म्हाताऱ्याला शब्द गिळताना पाहायचं होतंच. रांगच्या रांग भरली. समोरचे काका मामाजींच्या शेजारीच बसले. मी आणि सासूबाई अगदी बाजूला, भिंतीकडे, जिथून त्या रांगेची तोंडं दिसायची.

उडणारा डोंगर आला तेव्हा मामाजी खुशीत मांडीवर थाप मारून म्हणाले की रंग झकास आहे. काकांनी मागे वळून सगळ्यांकडे पाहिलं. म्हणजे आता कबुली सुरू झाली.  हा माणूस आज हरला तर पारख कायमची गेली, आणि पारख गेल्यावर तो नुसता जाड चष्म्याचा एक म्हातारा उरणार होता.

राणी मागावर बसली. मामाजींनी दोन्ही हात पसरून आजूबाजूच्यांच्या मांडीवर ठेवले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "आता डोळे मिटा गा. सगळे मिटा."

निम्मे तर थट्टा म्हणून मिटले. मी मिटले नाहीत. मला ती रांग पाहायची होती. पडद्याचा उजेड त्यांच्या तोंडांवर पडत होता, आणि वीस-पंचवीस विणकर, आयुष्यभर मागावर बसलेले, डोळे मिटून बसले होते. आधी ओठांवर हसू होतं. मग एकेकाचं हसू गेलं. तिसऱ्या घरच्यांची मान हलायला लागली. काकांचा पाय, पावडी दाबायची सवय असलेला, दोनदा आपोआप खाली गेला आणि दोन्ही वेळा आवाजाला सापडला नाही. त्यांनी पाय आवरून घेतला.

"हे तं शेडीतलं आहे," काका डोळे न उघडता म्हणाले.

त्याच वेळी पडद्यावर राणीने माग सोडला, दोन्ही हातांनी डोळे पुसले, आणि माग वाजतच राहिला. खटखटखटखट. सगळ्या रांगेत हे एकट्या मामाजींनी पाहिलं, आणि बाजूने मी. ते इतक्या मोठ्याने हसले की टॉकीजवाल्याने बॅटरी मारली.

संध्याकाळी ओट्यावर त्यांनी नवा निवाडा दिला. रंग उत्तम, ते माझं चुकलं होतं, परत घेतो. ताना चांगला. बाना इजेचा. एवढंच. कोणी माफी मागितली नाही, आमच्याकडे ती पद्धत नाही. समोरचे काका उठून घरी गेले आणि येताना त्या आठवड्याचं स्वतःचं लुगडं घेऊन आले. मामाजींच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, "पाह्य."

मामाजींनी ते उलगडलं. चष्म्यातून पाहिलं, अंगठा काठावरून फिरवला, पोटातून फिरवला, पदरावरून फिरवला. मग वळून दाराकडे पाहिलं आणि ते लुगडं माझ्याकडे धरलं. "सुनबाई, तू सांग," ते म्हणाले. "माह्या मांगं शेडीपाशी जाऊन हिनंच तो आवाज आयकला होता."

त्या ओट्यावर आमच्या घरची बाई तोवर झाडायला आणि चहा ठेवायलाच गेली होती. मी डोक्यावरचा पदर नीट केला आणि बाहेर आले. सगळ्यांच्या नजरा माझ्या हातांवर होत्या. मी राखेने खरबरीत झालेला अंगठा काठावर टेकवला आणि डोळे मिटले. घाई केली नाही. पदराच्या शेवटच्या दशीपर्यंत गेले. काकांच्या घराशी माझं नळावरचं वैर होतं, त्यांच्या सुनेची घागर मीच आपटली होती, आणि एक जरी सुटलेला धागा सापडला असता तर मी सोडणारी नव्हते. सापडला नाही. कापड पाण्यासारखं होतं.

आत सासूबाई कोणाला तरी म्हणाल्या, "कानामागून आली अन् तिखट झाली." ते मला ऐकू आलं. त्यांच्या आवाजात काय होतं तेही ऐकू आलं.

मी डोळे उघडले, लुगडं घडीवर घडी घालून काकांच्या हातात दिलं आणि चारचौघांत म्हटलं, "उतरलं."